अर्ध्या तासात येतो

शिराइशी बेट
७ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप फुमीताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. तिकडे हाकोदातेला आता पहाटेचं दंव पडायला लागलं असेल. गुडघ्याला लोकरीचा पट्टा बांधतेस, की तो अजून कपाटातच आहे? पंचाहत्तरीला हट्ट शोभत नाहीत, एवढंच सांगतो. आमच्या दक्षिणेला अजून उकडतंय. दुपारी सदरा अंगाला चिकटतो.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी आवाज चढवला की "ओरडतोस कशाला" म्हणतेस. म्हणून पत्र. वेळ आहेच. वेळच आहे.

मी सहलीला निघालोय. ओकायामाहून गाडीनं कासाओका बंदर आणि तिथून बोटीनं बेटं. इथे ती एकामागे एक अशी पडलीयेत, की एका बेटाच्या धक्क्यावर उभं राहिलं की पुढच्याचे दिवे मोजता येतात. दोन-चार दिवस राहायचं, कंटाळा आला की पुढची बोट धरायची. कझुए आली नाही. तिला बोट लागते.

शिराइशी बरं आहे. उन्हाळ्यातली पोरंटोरं गेली, वाळूवर आता मी आणि एक कुत्रा. आल्या आल्या मी काय केलं असेल सांग? खोलीतला नळ सोडून पाणी चाखलं. अडतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली, ती खोड जाणार कुठे. पाणी समुद्राखालच्या नळानं येतं, टोकाला पोचेपर्यंत थकून जातं. चव नाही, पण खोटही नाही. माझ्यासारखंच म्हण.

नववर्षाच्या प्रत्येक कार्डात तू विचारतेस, निवृत्तीनंतर दिवसभर करतोस काय. दर वेळी "मजेत आहे" असं लिहून मोकळा होतो. खरं तर या दोन वर्षांत पुष्कळ काही केलं. आधी सोबा शेवया करायला शिकलो. कणीक मळायचा दगडी पाट आणला, रुंद सुरी आणली. माझ्या शेवया गांडुळाएवढ्या जाड होत. कझुएनं अकरा दिवस त्या खाल्ल्या आणि बाराव्या दिवशी म्हणाली, "आज मला भूक नाही." मग शेवंतीच्या कुंड्या. प्रदर्शनात ठेवायच्या म्हणून एकेका झाडावर एकच फूल राखलं, बाकीच्या कळ्या खुडल्या. ऐन वेळी कीड लागली. माउथ ऑर्गन वाजवायला लागलो तर शेजारच्या मोरिवाकी बाईंनी खिडकी लावून घेतली, तीही अगदी अदबीनं. शेवटी स्वयंपाकघरातली फडताळं लावायला घेतली. डब्याडब्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. पंचेचाळीस वर्षं ज्या बाईनं ते डबे हाताळले तिला मीठ कुठलं, हे मी लिहून दाखवत होतो. हे आत्ता लिहिताना कळतंय.

'गो' खेळतोस की नाही, हेही तू विचारतेस. नाही. काळ्यापांढऱ्या सोंगट्यांकडे फार वेळ पाहिलं की डोळे दुखतात. बारा वर्षं झाली सोडून.

तेरा तारखेपासून मानाबे बेटावर तोमि आजींच्या खाणावळीत असेन. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. लिहिलंस तर बरं वाटेल, नाही लिहिलंस तरी समजेन. पट्टा बांध.

तुझा,
इसामु


कितागी बेट
११ ऑक्टोबर

ताई,

चार दिवसांपूर्वीच पत्र टाकलं आणि लगेच हे दुसरं. तुला वाटेल याला झालंय काय. काही झालं नाही. पाय दुखतायत, एवढंच.

कितागीला दगडाच्या खाणी आहेत. होत्या म्हणायला हवं, आता एखाददुसरी चालते. डोंगर उभा कापलेला आहे आणि खाली खड्ड्यात हिरवं पाणी साचलंय. बोटीची वाट बघायच्या खोलीत कुरोदा नावाचे एक गृहस्थ बसलेले असतात. पन्नास वर्षं खाणीत छिन्नी चालवली, ऐंशीला टेकलेत. रोज सकाळी गोचा पाट मांडतात आणि बोटीतून कोण उतरतंय ते बघतात. मला बघून म्हणाले, "या. तुम्ही बोट पकडणारे नाही, वेळ काढणारे दिसता."

मी डोळ्यांचं कारण सांगितलं.

"डोळ्यांचं राहू द्या," ते म्हणाले. "सोंगटी बघून तुमचा हात मागे गेला. खेळणाऱ्याचाच हात असा जातो."

मी नुसता बसून राहिलो. ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते. बराच वेळ गेल्यावर, पाटावरची नजर न काढता, त्यांनी विचारलं, "बायकोनं हाकललं?"

ताई, मी हसलो. आणि हसता हसता म्हणालो, "हो."

तर तुलाही सांगतो. कझुएला बोट लागत नाही. तिनंच मला पाठवलंय.

झालं असं. दर मंगळवारी आमच्याकडे चार बायका जमायच्या. जुने किमोनो उसवून त्याच्या पिशव्या, पाकिटं शिवायच्या. आई गेल्यानंतर कझुएनं ते सुरू केलं. मी कामावर असायचो, मला त्याचा पत्ताही नव्हता. निवृत्त झालो तेव्हा पहिल्या मंगळवारी मीच चहा केला. दुसऱ्या मंगळवारी तिथेच बसलो. मग माझी खुर्चीच तिथे पडली. कोणी काही बोललं की मी त्यात भर घालायचो, टाका तिरका गेला की दाखवायचो. एकदा मोरिवाकी बाई हसत हसत कझुएला म्हणाल्या, "तुमचं ओलं पान चांगलंच चिकटलंय हो. झाडून जात नाही." सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, मी त्यांच्यातलाच झालो.

त्या बायका आता मोरिवाकी बाईंकडे जमतात. कझुए जात नाही. तिकडे दोन जिने चढावे लागतात असं म्हणते.

गेल्या महिन्यात एका सकाळी तिनं न्याहारीच्या वाटीशेजारी बोटींचं वेळापत्रक ठेवलं. म्हणाली, "दोन आठवडे कुठेतरी जाऊन या."

"तू?"

"मी नाही. मला घरात एकटीनं राहायचंय. कसं असतं ते एकदा बघायचंय."

आवाज चढलेला नव्हता. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्या घरात एकटी अशी कधी राहिलीच नाही. आधी आईबाबा, मग पोर, मग आईच्या अंथरुणाशी सात वर्षं. आणि आई गेल्यावर तिला जे थोडंसं मिळालं होतं, त्यात मी खुर्ची टाकून बसलो.

मी विचारलं, "दोन आठवड्यांनी?"

"तेव्हा बघू," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

सामान तिनंच भरून दिलं. मोजे मोजून चौदा जोड. पंधरावा नाही, हे माझ्या काल लक्षात आलं.

दमलोय ताई. हिंडून नव्हे. बेटावर करायचं काही नसतं, त्यामुळे माणूस स्वतःच्याच पाठीमागून चालत राहतो. कुरोदा उद्या पुन्हा बोलावतायत. मी जाणार नाही.

इसामु


मानाबे बेट
१७ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र काल तोमि आजींनी माझ्या हातात दिलं. "बाईच्या अक्षरातलं आहे," म्हणाल्या, "पण अक्षर म्हातारं आहे, म्हणजे भानगड नाही." त्यांना ब्याऐंशी वर्षं झालीत आणि दाताबरोबर जिभेचा लगामही गेलाय.

तू लिहिलंस, येत्या फेब्रुवारीत आईला जाऊन बारा वर्षं पुरी होतात, त्या तेराव्या स्मरणाला येणार, या वेळी बर्फ पडो नाहीतर विमानं पडून राहोत, आठ दिवस आधी निघणार. ये. मग लिहिलंस, "कझुएजवळ नुसता बस. शेवटच्या सकाळी आईचा हात जसा धरला होतास तसा तिचा धर. तेवढं तुला येतं. आईनं जाताना माझं नाव घेतलं, हे तू सांगितलंस त्याच्यावर मी बारा वर्षं काढली आहेत."

ते वाचून मी दिवसभर काही खाल्लं नाही. तोमि आजींनी मासा दोनदा गरम करून आणला.

आज लिहून टाकतो आणि दुपारच्या बोटीनं पत्र रवाना करतो. उद्यापर्यंत ठेवलं तर फाडीन.

मी आईजवळ नव्हतो.

रविवार होता. सकाळी सातला मी घरातून निघालो. आमच्या विभागाच्या सभागृहात गोच्या सामन्यांची शेवटची फेरी होती. रात्रभर आईचा श्वास घरघरत होता, ते मला माहीत होतं. कझुए दाराशी आली होती. "आज नाही गेलात तर?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "महिनाभर असंच चाललंय. दुपारी येतोच आहे."

सव्वाआठला सभागृहाचा शिपाई कानाशी आला. "घरून फोन आहे. लगेच या म्हणतायत." पाटावर माझी बाजू चढती होती. समोर जो माणूस होता त्याच्याकडून मी चार वर्षं हरत आलो होतो. मी शिपायाला म्हटलं, "सांग, अर्ध्या तासात येतो."

मी डाव पुरा केला. जिंकलो. सोंगट्या मोजल्या, वाकून नमस्कार केला, समोरच्यानं दोन शब्द कौतुकाचे काढले तेही ऐकून घेतले. घरी पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. कझुएनं आईचं तोंड पुसून केस विंचरले होते. मला बघून ती म्हणाली, "नऊला वीस कमी होते." आणि डॉक्टरांना फोन करायला गेली. त्याउपर आजतागायत एक शब्द नाही.

तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. बर्फानं विमानं अडली होती, तू गाड्या बदलत बदलत आलीस, बूटही न काढता ओसरीवर बसलीस आणि विचारलंस, "शेवटी जवळ कोण होतं?"

मी म्हटलं, "मी."

तू रडायला लागलीस. रडणं थांबेना म्हणून मी पुढे म्हणालो, "हात हातात होता. तुझं नाव घेतलं तिनं."

कझुए चहाचं तबक घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तबक खाली ठेवलं, तुझे बूट काढून घेतले आणि आत गेली.

सात वर्षं आईचं तिनं केलं. मी दिवसाला दहा मिनिटं अंथरुणाशी बसायचो आणि 'बरं वाटतंय का' विचारायचो. आणि शेवटचा अर्धा तास होता तोही मी तिच्याकडून काढून घेतला आणि माझ्या नावावर लावला. तुझ्यासमोर, तिच्या देखत.

तुझं नाव आईनं घेतलं की नाही, मला माहीत नाही. ती काय बोलली, बोलली की नाही, काहीच माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे त्या सकाळचं बोलावं लागलं असतं.

गो त्या दिवसापासून सोडला. डोळे चांगले आहेत माझे.

आता तू रागव. मला घाई नाही. तुला फोन करवत नाही. तुला ऐकू येत नाही हे या वेळी माझ्या सोयीचं आहे, हेही कबूल करतो.

इसामु


मानाबे
२५ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड काल आलं. मी चार-पाच पानांच्या रागाची तयारी ठेवली होती. तू एकच ओळ लिहिलीस: "कझुएला विचारलंस का?" खाली सहीसुद्धा नाही.

दोन आठवडे होऊन गेले होते आणि मी परतलो नव्हतो. तिनंही फोन केला नव्हता. मोजे तोमि आजींच्या अंगणातल्या दोरीवर वाळत होते. कार्ड खिशात घालून मी टेकडीवरच्या जुन्या शाळेपर्यंत चढलो. आता तिथे पोरं नाहीत, वर्गही बंद आहेत. पायरीवर बसून घरी फोन लावला. सकाळचे साडेदहा झाले असतील.

"कझुए, त्या सकाळी आई काय म्हणाली?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"बारा वर्षांनी विचारताय," ती म्हणाली.

"हो."

"मी भांडी घासून आले होते. फोन करून आले आणि त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'फुमी, किती गं गार हात तुझे.'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, 'हो आई, बाहेर बर्फ आहे.' मग त्यांनी विचारलं, इसामु जेवला का. मी म्हटलं, जेवला. मग डोळे मिटले. आणखी काही नाही बोलल्या. थोड्या वेळानं हात सुटला."

ताई, हे तिनं सांगितलं तसंच्या तसं लिहिलंय. एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. आईनं तुझं नाव घेतलं. पण ते कझुएला घेतलं, आणि कझुएनं तुझ्या वतीनं 'हो' म्हटलं.

मी तिला म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"त्या दिवशी ताईसमोर तरी बोलायचंस. मी खोटं बोलत होतो."

"ताई रडत होत्या," ती म्हणाली. "तुम्ही जे बोललात त्यानं त्यांचा चेहरा निवळला. मध्ये बोलून मी काय मिळवणार होते? मी गप्प बसले ती त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी नव्हे. हे तुम्ही समजलात का नाही, ते मला आजवर कळलं नाही."

"समजलो नव्हतो."

"वाटलंच."

मी माफी मागितली. फोनवर, रिकाम्या शाळेच्या पायरीवर बसून, नुसत्या हवेपुढे वाकून. तिनं ऐकून घेतली. 'राहू द्या' म्हणाली नाही, 'ठीक आहे' म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर मला हलकं वाटलं असतं, आणि माझ्या हलकं वाटण्याची काळजी तिनं पुष्कळ वर्षं घेतली आहे.

मग मी विचारलं, "रविवारी येऊ?"

"या. जेवून जा."

"जेवून जा?"

"मंगळवारी पुन्हा सगळ्या इथे जमतात आता," ती म्हणाली. "मला हे घर असं बरं वाटतंय. किती दिवस बरं वाटेल ते माहीत नाही. कळलं की सांगेन."

मी बरं म्हटलं. भांडायला अंगात काही उरलेलं नव्हतं, आणि भांडायला काही कारणही नव्हतं.

तोमि आजींची मागची खोली फेब्रुवारीपर्यंत घेतलीये. त्यांना सगळं सांगितलं नाही, थोडंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहा. पण माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवलास तर बोटीत बसवून देईन." या बेटावर निम्म्या घरांत एकेकट्या म्हाताऱ्या आहेत आणि बहुतेकींचे नळ गळतात. काल दोन दुरुस्त केले. काम झाल्यावर लगेच निघतो. चहाला थांबत नाही. ते शिकतोय.

फेब्रुवारीत तू येच. हे मी नाही, कझुए म्हणाली: "ताईंना सांगा, त्यांनी माझ्याकडे उतरायचं." माझ्याकडे, असं म्हणाली. मला ते ऐकायला नवीन होतं आणि बरोबरही होतं. मी त्या दिवसापुरता येईन, पाहुण्यांबरोबर बसेन.

त्याआधी एक कर. तिला पत्र लिही. बारा वर्षांपूर्वी आभाराचं जे तिला म्हणायला हवं होतंस आणि मी मध्ये उभा राहिल्यामुळे मला म्हणालीस, ते तिला म्हण. कार्ड नको, पत्रच टाक. आणि पाकिटावर माझं नाव घालू नकोस. नुसतं तिचं घाल. टपाल्याला घर माहीत आहे.

तुझा धाकटा, आणि अजून तुझाच असलो तर,
इसामु